पालखी आणि दुबेळक्या काठ्या

जुने सरदार मागच्या वेशीने पळाले, तेव्हा खजिना, हत्ती आणि आचारी आठवणीने घेऊन गेले. गाव तेवढं विसरले. मग तांबुळगाव सांभाळलं ते पाणवठ्यावर जमणाऱ्या बायकांच्या मंडळीने. आवडाकाकू तिच्या म्होरक्या. त्यांनी विहिरीच्या पाळ्या लावल्या, गस्त बसवली, धान्याचं कोठार फुटू दिलं नाही.

पावसाळा सरल्यावर नवे सरदार निंबाजीराव पालखीतून आले. वेशीपाशी भोई बदलायचे, म्हणून रिवाजाप्रमाणे पालखी दुबेळक्या, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेल्या, काठ्यांवर टेकवली. थकलेले भोई बाजूला झाले, ताज्या दमाचे भोई अजून पाणी पीत होते. सरदारांना तेवढा वेळ दरबार भरवायला पुरला.

सामोऱ्या आलेल्या आवडाकाकूंना त्यांनी विचारलं, "बाई, तुमची मंडळी जुन्या सरदारांची का?"

"नाही, सरकार."

"मग आमची?"

"तशीही नाही."

"त्यांची नाही, आमची नाही, मग हवी कशाला? आजच मोडा!"

सोबत आलेले सरदारांचे मेहुणे काकूंच्या कमरेला लटकणाऱ्या कोठाराच्या किल्लीकडे फार प्रेमाने पाहू लागले.

काकूंनी मुजरा केला. "जशी आज्ञा." मग भोयांकडे वळून म्हणाल्या, "अरे, त्या काठ्याही काढा! त्या ना गेलेल्या खांद्यांच्या, ना येणाऱ्या खांद्यांच्या."

एका भोयाने खरंच काठीला हात घातला. पालखी डुलली. सरदारांनी दांड्याला मिठी मारली.

"थांब, गाढवा! पडेन ना मी!"

"गावही असंच पडलं असतं, सरकार," काकू म्हणाल्या.

मंडळी राहिली, किल्लीही राहिली. सरदार मात्र वाड्यापर्यंत पायीच गेले.