पुलाचं ध्रुवपद

चंदनगडच्या दरबारात कवयित्री म्हाळसा कविता म्हणत होती. पुरामुळे नदीकाठी अडकलेली बाळंतीण, वैद्य, वऱ्हाड, दर कडव्यात माणसं नवी, पण शेवटची ओळ एकच: "महाराज, पूल कधी होणार?"

पुलाचं काम अडवून बसलेले प्रधान त्र्यंबकपंत कुत्सितपणे हसले. "बाई, पुनरुक्ती हा काव्यातला दोष आहे. तीच ओळ पुन्हा म्हणालात, तर हा दरबार तुम्हाला कायमचा बंद."

म्हाळसा त्यांच्याकडे वळली. "पंत, उत्तर मिळालेला प्रश्न पुन्हा कोण विचारतं? तुम्ही उत्तर द्या, मी ती ओळ आत्ता गाळते."

दरबार खळखळून हसला. महाराज मात्र पंतांकडे रोखून बघत राहिले. पंतांना तिथल्या तिथे पायाभरणीचा मुहूर्त सांगावा लागला.

पुढच्या पुरात म्हाळसा नवी कविता घेऊन दरबारात आली, ती पुलावरून चालत.