आग्रहाच्या गावातलं कुत्रं

फार फार वर्षांमागे एक गाव होतं, आणि त्या गावाला आग्रहाचं वेड होतं. वेडच म्हणायचं! दारावरून कोणी नुसतं चालत गेलं तरी आतून हाक यायची, "अहो, गूळपाणी तरी घेऊन जा!" जेवणाऱ्यानं पानावर हात आडवा धरला, तर वाढणारी बोटांच्या फटीतून तूप सोडायची. पोट फुटायची वेळ आली तरी "एवढी एकच, माझी शपथ आहे" म्हणून पोळी पानात पडायचीच. आता कुठली ती गावं आणि कुठल्या त्या शपथा! हल्ली पाहुण्यानं चपला घातल्या की मग म्हणतात, "जेवून गेला असतात." असो.

त्या गावात धोंडू तेली राहायचा. एकटा जीव, सोबतीला घाण्याचा बैल. एकदा बाजाराहून येताना त्याला माळावरच्या बाभळीला बांधलेलं कुत्रं दिसलं. दोरी जेमतेम हातभर. बांधणारा कधीच निघून गेला होता. दोरी रुतून मानेला जखम झाली होती आणि बरगड्या वर आल्या होत्या. धोंडूनं दोरी कापली, कुत्र्याला उपरण्यात गुंडाळलं आणि घरी आणलं.

घरात सोडताच ते घाण्यामागच्या कोपऱ्यात शिरलं आणि थरथरत बसलं. बैलाचं दावं हललं तरी दचकायचं.

तेल्याकडे पाहुणा आलाय, ही बातमी गावभर झाली. मग काय विचारता! सकाळी सगळी आळी वाट्या घेऊन हजर. कोणाचा दूधभात, कोणाची ताकात कुस्करलेली भाकरी. सगळ्यांच्या पुढे धोंडूचे दोन जिवाभावाचे शेजारी. एक देवळात नगारा वाजवणारा केरोबा गुरव, आणि दुसरी भागाबाई. भागाबाईच्या आग्रहापुढे आजवर कोणाची डाळ शिजली नव्हती.

"खा रे राजा, एवढा एकच घास!" केरोबानं पेढा पुढे केला.

"तुम्ही सरा भावजी, तुम्हाला नाही जमायचं." भागाबाईनं तुपात भिजवलेली पोळी कुत्र्याच्या तोंडाशी नेली. "खा रे बाळा. माझी शपथ आहे तुला!"

कुत्र्याला शपथ काय कळणार? ते भिंतीला आणखी चिकटलं आणि भीतीनं जागच्या जागी मुतलं.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ते खाईना, तशा वाट्या वाढत गेल्या. पाणी तेवढं कोणी नसताना गुपचूप चाटायचं. चौथ्या दिवशी मात्र त्याला उभंही राहवेना. धोंडू ओट्यावर येऊन बसला आणि चारचौघांत रडायला लागला.

"वहिनी, दोरी कापून आणलं हो मी त्याला. आता माझ्याच घरात उपाशी मरतंय. आजचा दिवस काढील, फार तर उद्याचा."

भागाबाईच्या हातात खिरीची वाटी होती. ती दारातून आत, कोपऱ्यातल्या कुत्र्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली, आणि तिला एकदम आपलं नवेपण आठवलं. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा ताटाभोवती बारा बायका बसल्या होत्या. "खा गं, लाजू नकोस, आणखी घे." तिच्या घशाखाली घास उतरेना. दोन दिवस पोरगी उपाशी! शेवटी थोरल्या जाऊबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, ताट तिच्यापुढे ठेवलं आणि तिच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसल्या. एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्या पाठीकडे बघत ती पोटभर जेवली होती. जाऊबाईंना जाऊन वीस वर्षं झाली होती. भागाबाईनं खिरीची वाटी खाली ठेवली.

"उठा सगळे," ती म्हणाली. "घरी जा. कोणी यायचं नाही, डोकावायचं नाही, हाक मारायची नाही."

"अगं, आग्रह केल्याशिवाय ते खाईल कसं?" केरोबानं विचारलं.

"आग्रहानंच मारतोय आपण त्याला, भावजी."

त्या गावाला आग्रह सोडायला सांगायचं म्हणजे काय गंमत आहे? पण कुत्र्यासाठी सगळ्यांनी ऐकलं. धोंडूनं घाणा बंद ठेवला आणि घरातली सगळी दोरदावी बैलासकट शेजारच्या गोठ्यात नेऊन ठेवली. केरोबानं नगाऱ्याच्या काठ्यांना चिंध्या गुंडाळल्या. आळीतले लोक मागच्या वाटेनं जाऊ-येऊ लागले. भागाबाईनं दूध-भाकरीची एक वाटी जमिनीवर ठेवली आणि कुत्र्याकडे पाठ करून तांदळाचं सूप मांडीवर घेतलं.

दुपार झाली. मागे जरा खुडबुड झाली, कुत्रं दोन पावलं पुढे आलं. तेवढ्यात कुंपणावरून केरोबाचं डोकं वर आलं. "खाल्लं का गं?"

कुत्रं पुन्हा कोपऱ्यात! भागाबाई ओरडली नाही, पण तिनं असं काही बघितलं की केरोबानं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली आणि जो देवळात जाऊन बसला तो हललाच नाही.

उन्हं कलली. सूप दोनदा निवडून झालं, भागाबाईनं तेच तांदूळ तिसऱ्यांदा निवडायला घेतले. आणि मग मागून आवाज आला. लप, लप, लप. वाटी जमिनीवर सरकत होती.

"आणखी वाढू का रे?" हे शब्द भागाबाईच्या अगदी ओठांवर आले. जन्मभर तिनं दुसरं काय म्हटलं होतं? तिनं ते गिळले. मान वळवली नाही. डोळ्यांतलं पाणी मात्र टपटप तांदळात पडत राहिलं.

वाटी रिकामी झाली. मग तिच्या पाठीला काहीतरी उबदार टेकलं. कुत्रं तिच्या पाठीला पाठ लावून बसलं होतं. त्यानं एक लांब उसासा सोडला, आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्याचा डोळा लागला. धोंडू दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, पाय अवघडले असतील, उठा की," तो कुजबुजला. भागाबाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि तशीच बसून राहिली.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: भ्यालेल्या जिवापुढे माया ठेवावी, त्याच्या तोंडात कोंबू नये; ती घ्यायला त्याला त्याच्या पावलांनी येऊ द्यावं.