खडकवाघीचा वाकडा बांध

खडकवाघीच्या तळ्याचा बांध टेकडीपासून सरळ येतो आणि मध्यावर कोपरात दुमडल्यासारखा वाकतो. पाहुण्यांना त्याचं फार नवल वाटत नाही. नवल वाटतं ते इथल्या रिवाजाचं. घर असो, शाळेची खोली असो की साधा गोठा, जागेवर फक्कीने आखणी झाली की गवंडी त्या पांढऱ्या रेघेवर उताणा पडतो आणि घरधनी त्याच्या छातीवर घमेलंभर माती ओततो. त्याशिवाय पहिली कुदळ पडत नाही. कारण विचारलं की गावातली जुनी माणसं बांधाकडे हात करतात आणि सिदोजीची गोष्ट सांगतात.

सिदोजी पाथरवट होता म्हणे, देशमुखांच्या पदरचा. मोठ्या दुष्काळानंतर मानाजीराव देशमुखांनी तळं बांधायचं मनावर घेतलं आणि आखणीचं काम त्याच्याकडे दिलं. ओढ्याच्या दोन्ही काठांना त्याने जागोजाग खड्डे घेतले, पक्का खडक कुठे लागतो ते पाहिलं, मग दोरी ताणून चुन्याची रेघ ओढली. एका टेकडीपासून दुसरीपर्यंत, कुठे तसूभर हलली नाही. देशमुख घोड्यावरून उतरले आणि तिच्या कडेकडेने पार टोकापर्यंत चालत गेले. सिदोजीला आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता.

ती रेघ गिरजाई कुंभारणीच्या अंगणातून गेली होती. बाई एकटी. ती सिदोजीकडे आली.

"दादा, झोपडी पाडा, मी दुसरी घालीन. पण दुष्काळात गेलेली माझी दोन लेकरं अंगणात पुरली आहेत. तेवढ्यापुरती रेघ वाकवा."

अंगणामागेही खडक होता, हे सिदोजीला ठाऊक होतं. थोडी माती जास्त लागली असती, एवढंच. "धन्यांच्या कानावर घालतो," तो म्हणाला.

त्याने घातलंही. देशमुखांच्या कपाळावर आठी चढली. चारचौघांसमोर त्यांनी विचारलं, "वाकवली तर बांध कच्चा राहील ना?"

सिदोजीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "होय धनी. कच्चा राहील."

भराव घालायच्या दिवशी गिरजाई रेघेवर जाऊन निजली. मजूर थबकले. "टाका माती," देशमुख म्हणाले, "उठेल आपोआप." सिदोजीलाही तसंच वाटलं. पहिल्या पाट्या पायांवर पडल्या. ती उठली नाही. तिने देशमुखांकडे पाहिलंसुद्धा नाही. "दादा, एकदा खरं सांगा," एवढंच ती सिदोजीला म्हणत होती. तो आखणीची दोरी गुंडाळत होता. तो गुंडाळतच राहिला. दोरी संपली तेव्हा गिरजाईचा आवाज यायचा थांबला होता.

त्या पावसाळ्यात बांध फुटला, तो नेमका तिथेच. बुजवला, तर पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच फुटला, आणि खालच्या वाडीतली माणसं झोपेतच वाहून गेली. तेव्हा सिदोजी आपल्या पायांनी देशमुखांकडे गेला असं सांगतात.

"रेघ वाकवावी लागेल धनी. मागे खडक आहे."

"तेव्हा नव्हता?"

"तेव्हाही होता."

देशमुख म्हणाले, "आखून दे."

सिदोजीने नवी रेघ ओढली, अंगण वगळून, मागच्या खडकावरून. काम नीट झालं होतं. तो हात झटकून बाजूला व्हायला लागला, तसे देशमुख म्हणाले, "आता निज हिच्यावर."

मजूर तेच होते. ते पाट्या भरून उभे होते. सिदोजी निजला, पण माती गुडघ्यांवर येताच उठून पळू लागला. गिरजाईला कोणी धरावं लागलं नव्हतं. त्याला चौघांनी धरलं. खडक आहे, बांध टिकेल, माणसाची गरज नाही, असं तो शेवटपर्यंत ओरडत होता म्हणे. ते खरंही होतं.

बांध पुन्हा फुटला नाही. देशमुख पुष्कळ वर्षं जगले, आणि तळ्याचं पुण्य त्यांना लाभलं असं लोक म्हणत.

आजही खडकवाघीत गवंडी रेघेवर पडला, छातीवर माती पडली, की घरधनी त्याला विचारतो, "ही रेघ वाकेल का?" वाकत असेल तर गवंड्याने वाकेल म्हणायचं, नसेल तर नाही म्हणायचं. त्याचं उत्तर येईपर्यंत दुसरं घमेलं भरून, उचलून धरलेलं असतं.