बांधलेली सुतळी

शके अठराशे एकोणऐंशी, माघ महिना. थंडी अजून हटली नव्हती. एका गावी तंबोरे घडवणारा एक वृद्ध कारागीर होता. त्याच्यापाशी चाळिशीतला एक शिष्य काम शिकत होता.

शिष्याचा हात चांगला होता. मन स्वस्थ नव्हते. तंबोऱ्याच्या भोपळ्याला दांडी सरसाने चिकटवतात, वरून सुतळी आवळतात आणि दोन दिवस त्याला हात लावत नाहीत. हा लावी. जोड बसला की नाही, अशी शंका आली की सुतळी सोडून बघे, पुन्हा आवळी. घटकाभराने पुन्हा सोडी. ओला सरस हलला की धरत नाही. असे तीन भोपळे नासले.

घरीही तेच. दाराची कडी लागली का, हे त्याने पत्नीला इतक्या वेळा विचारले की ती अखेर माहेरी निघून गेली. तेव्हापासून तो कारखान्याच्या मागच्या खोलीत राही. एकटाच जेवी.

खुंट्या घडवणारा कारागीर म्हणे, "काय हो, आत बाळ निजलंय काय? सारखं उघडून बघताय ते!"

सगळे हसत. शिष्यही हसे. मग सुतळी सोडी.

चौथा भोपळा देताना वृद्ध म्हणाला, "तीन नासवलेस. एक धड तंबोरा तू मला देणं लागतोस. हा गेला तर तुझी जागा दुसऱ्याला देईन."

शिष्याला जायला दुसरी जागा नव्हती. त्याने दांडी जोडली, सुतळी आवळली. थोड्या वेळाने नेहमीसारखे विचारले, "उस्ताद, जोड बसला असेल ना?"

आजवर वृद्ध दरवेळी "बसला" म्हणे. त्या दिवशी म्हणाला, "नसेल बसला."

शिष्य पांढरा पडला. "मग सोडून बघू?"

"नको."

"आणि निखळला तर?"

"निखळेल कदाचित. ती खुंटी घास."

"उस्ताद, तुम्हीसुद्धा माझी थट्टा करता?"

वृद्धाने कानस खाली ठेवली.

"थट्टा नव्हे. चूक माझी होती. मी 'बसला' म्हणायचो, तुला क्षणभर बरं वाटायचं. ते तुझ्या शंकेचं जेवण होतं. जेवली की ती पुन्हा भूक घेऊन यायची. सुतळी सोडून बघायचास, तेही जेवणच. तू वेडा नाहीस, आळशीही नाहीस. दमा जडतो तसा हा विकार जडला आहे. शंका येणं तुझ्या हाती नाही. सुतळी न सोडणं आहे. जड जाईल. आज दुपारपर्यंत सोडू नकोस, मग संध्याकाळपर्यंत, मग उद्या. शंका शेजारी बसेल, कुरकुरेल. बसू दे. उत्तर देऊ नकोस. जिल्ह्याच्या दवाखान्यात मनाच्या आजाराचा डॉक्टर बसतो. बुधवारी जाऊ. मी बरोबर येईन."

शिष्य खुंटी घासू लागला. एकदा तो उठून सुतळीपाशी गेला, उभा राहिला आणि परत येऊन बसला. शंका शिगेला पोचली. मग हळूहळू उतरली. कुणी काही केले नव्हते, तरी उतरली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. त्याने सुतळीला नुसते बोट लावले. वृद्धाने पाहिले आणि तो आपली कानस चालवत राहिला. शिष्याने बोट काढून घेतले.

बुधवारी दोघे दवाखान्यात गेले. पुढेही जात राहिले.

ज्यांच्या घरी असे माणूस आहे, त्यांनी वृद्धाची चूक ध्यानात ठेवावी.

फाल्गुनात शिष्याने त्या तंबोऱ्यावर तारा चढवल्या आणि तो वृद्धासमोर आणून ठेवला. शंका तोंडावर दिसत होती. त्याने विचारले नाही.

वृद्धाने एक तार छेडली. मग तंबोरा भिंतीला टेकवून ठेवला.

देणे फिटले.