नदीकाठ कोणाला?

एकदा एका राज्यात महापूर आला आणि राजधानी वाहून गेली. माणसं वाचली, घरं गेली. राजाने नदीच्याच काठी, जरा उंचावर, नवं नगर वसवायचं ठरवलं. आता नवं नगर म्हटलं की पहिलं भांडण जागेचं! काठ सगळ्यांना हवा, वरचा कोरडा माळ कोणालाच नको. प्रधान मोठा चतुर. भांडण आपल्या अंगावर कशाला घ्या, विद्वानांच्या गळ्यात टाकावं, असा विचार करून तो आश्रमात आला आणि वृद्ध आचार्यांना म्हणाला, "नगरातल्या सगळ्या व्यवसायांची श्रेणी लावून द्या. ज्या कामाला शिक्षण जास्त ते वर, ज्याला कमी ते खाली. त्याच क्रमाने मी काठापासून माळापर्यंत जागा वाटतो. म्हणजे तक्रारीला वावच नको."

आचार्यांनी काम नागेशवर सोपवलं. नागेश आश्रमातला सर्वांत तल्लख शिष्य, आणि जातीने, कुळाने, जन्माने रंगाऱ्याचा मुलगा. आश्रमात आला तेव्हा त्याच्या नखांत निळीचा रंग होता. सोबती चिडवत, "अरे, शाई सांडलीस का?" तेव्हापासून चारचौघांत मुठी मिटून बसायची सवय त्याला लागली होती.

नागेश कामाला भिडला. काठी तात्पुरती छपरं घालून राहिलेल्या प्रत्येकाला तो एकच प्रश्न विचारी, "कोणत्या पाठशाळेत शिकलात आणि किती शिकलात?" ज्योतिषी, लेखनिक, वैद्य यांनी छाती फुगवून उत्तरं दिली. लोहार म्हणाला, "भात्याच्या पाठशाळेत!" आणि सगळे हसले. नागेशही हसला, पण लोहाराला त्याने खालच्या पायरीवर टाकलं. कुंभाराला त्याखाली आणि परटाला आणखी खाली. शेवटी रंगारी आले. तिथे त्याचा हात जरा अडखळला. मग त्याने स्वतःलाच बजावलं, न्याय करायला बसल्यावर आपला बाप आणि परका बाप असा भेद नसतो. रंगाऱ्यांना त्याने अगदी तळाला ठेवलं आणि आपल्या निःपक्षपातीपणाचा त्याला मोठा अभिमान वाटला. माणूस स्वतःची पाठ थोपटायला लागला की हात बरोबर चुकीच्या जागी पोहोचतो, ते असं!

बातमीला पाय असतात. दरबारात श्रेणी वाचायच्या आदल्या दिवशी सकाळी नागेशचे वडील आश्रमाच्या दारात उभे राहिले. धिप्पाड देह, कोपरापर्यंत निळे हात, आवाज खणखणीत.

"आम्हाला माळ दिलास म्हणे?"

"आबा, मी कोणाला काही दिलं नाही. नियम सगळ्यांना सारखा आहे."

"माळावर विहीर आहे?"

"नाही."

"मग लुगडी काय थुंकीने धुवायची?" आबा गरजले. "अरे, वाहतं पाणी नसलं तर रंग धरत नाही. या वर्षी माळावर गेलो तर पुढच्या वर्षी आपल्या आळीतलं एकही घर रंगारी राहणार नाही. सगळे ओझी वाहायला जातील. आणि ज्योतिषीबुवा काठावर बसून काय करणार? दौतीत पाणी घालणार?"

नागेश पुढे झाला. तो म्हणाला, "आबा, जेवून तरी जा."

"भूक नाही," म्हणून आबा मागे न बघता निघून गेले.

नागेश आत वळला. तो आचार्यांकडे गेला आणि सारं सांगून म्हणाला, "गुरुदेव, श्रेणी बदलली तर पक्षपात होतो. ठेवली तर माझीच माणसं बुडतात. मी काय करू?"

आचार्य म्हणाले, "ते पाहू. आधी स्वयंपाकघर लावून घे. तिथे वस्तूंना त्यांच्या मानाप्रमाणे जागा नाही. सर्वांत मानाची वस्तू चुलीला लागून ठेव. मान कमी होईल तशी लांब, थेट अंगणापर्यंत."

गुरूंची आज्ञा! नागेशने राजाने दिलेली आचार्यांची शाल चुलीशेजारी ठेवली, तिच्यालगत चांदीची समई आणि पूजेची भांडी. उलथणं, चिमटा, फुंकणी आणि पाण्याची घागर गेली अंगणात चिंचेखाली. स्वयंपाकीण म्हाळसाकाकू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "वय झालं हो आचार्यांचं!"

पण भाकऱ्या तर करायलाच हव्यात. पाण्यासाठी काकू अंगणात धावल्या. परत येतात तो जाळ विझत आलेला, म्हणून फुंकणीसाठी पुन्हा अंगणात. जाळ भडकला आणि तव्यावरची भाकरी करपू लागली, म्हणून उलथण्यासाठी आणखी एकदा! एवढ्यात ठिणगी उडाली आणि राजाची शाल धुमसू लागली. नागेशने ती ओढून पायाखाली विझवली, तरी मधोमध भोक पडायचं ते पडलंच. समई काजळीने काळी झाली होती.

"तुझ्या त्या मानाला लाव काडी!" काकू धापा टाकत ओरडल्या. "नाही तर राहू दे, लागलीच आहे!"

पंगतीत प्रत्येकाच्या पानात काळी ठिक्कर भाकरी पडली. आचार्यांनी ती शांतपणे चावून खाल्ली आणि शिष्याला जवळ बसवलं.

"नागेश, चुलीजवळची जागा हा काही मान नव्हे. ज्याचं काम आगीशी, त्याने तिथे असावं. शालीचा आम्ही मान केला आणि तिला जाळून बसलो. काम कोणत्या जातकुळीचं, पाण्याचं की आगीचं, शब्दाचं की मातीचं, हा एक प्रश्न. त्यावरून जागा ठरते. त्याला शिक्षण किती लागतं, हा दुसरा प्रश्न. त्यावरून कोणाला किती काळ शिकवायचं ते ठरतं. दोन्ही प्रश्न लागतात, पण तू एकाचं उत्तर दुसऱ्याच्या पानात वाढलंस. आणि तो दुसरा प्रश्नसुद्धा तू माणसाला विचारलास, कामाला विचारलाच नाहीस. सांग, निळीचा रांजण सांभाळायला किती शिकावं लागतं?"

नागेश भराभर सांगू लागला. "फेसाचा रंग पाहून आणि वास घेऊन रांजण तयार झाला की नाही ते ओळखायचं असतं, गुरुदेव. थंडीत वेगळं, उन्हाळ्यात वेगळं. एक चूक झाली की अख्खा रांजण नासतो. हाताखाली राबता राबता मिसरूड फुटतं, तेव्हा कुठे बाप एकट्याला रांजणाजवळ सोडतो."

"मग ही पाठशाळा नव्हे तर काय? तिला छप्पर नसेल, पण परीक्षा आहे ना?"

नागेश रात्रीपर्यंत थांबला नाही. त्याच पावली तो लोकांकडे पुन्हा गेला, आणि या वेळी त्याने माणसांना नव्हे, त्यांच्या कामांना प्रश्न विचारले.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. नागेशने एका शिडीऐवजी फडताळासारखा तक्ता मांडला. आडवे कप्पे कामाच्या प्रकाराचे, उभे खण शिक्षणाच्या काळाचे. लोहार आगीच्या कप्प्यात, गवती छपरांपासून दूर. लेखनिक शब्दांच्या कप्प्यात, जिथे उजेड आणि शांतता असेल तिथे. रंगारी पाण्याच्या कप्प्यात, आणि शिक्षणाच्या खणात थेट वैद्यांच्या बरोबरीने.

प्रधानाने भुवई उंचावली. "वैद्यांच्या बरोबरीने रंगारी? शिष्यबुवा, तुमचे वडीलही रंगारीच ना?"

दरबारात कुजबुज झाली. नागेशने दोन्ही मुठी उघडल्या आणि ताठ मानेने म्हणाला, "होय, मी रंगाऱ्याचा मुलगा. बाकीच्या कामांविषयी मी विचारून सांगतो आहे, या एका कामाविषयी पाहून सांगतो आहे. शंका असेल त्याने माझ्या आबांच्या हाताखाली राहून पाहावं. आणि रंगाऱ्यांना मी काठ दिला आहे, पण पिण्याच्या पाण्याच्या घाटाच्या खाली, प्रवाहाच्या शेवटी. तिथून वर एक पाऊलही नाही."

प्रधान मागे वळून रंगाऱ्यांना म्हणाला, "ऐकलंत? तुमच्याच पोराने तुम्हाला शेवटची जागा दिली. मान्य आहे?"

गर्दीतून आबा पुढे आले.

"मान्य नसायला काय झालं?" ते दणक्यात म्हणाले. "वर बसलो असतो तर सगळं नगर निळं पाणी प्यालं असतं! बापासाठीसुद्धा ज्याने पाणी गढूळ केलं नाही, तो माझा मुलगा आहे, प्रधानजी. लिहून घ्या!"

आणि भर दरबारात त्यांनी आपला निळा हात लेकाच्या खांद्यावर ठेवला. पांढऱ्या अंगरख्यावर निळीचा डाग उमटला. नागेशने तो झटकला नाही.

कोणत्या कामाला किती शिकावं लागतं, याची पायरी जरूर लावावी. मात्र ती पायरी कामाची असते. तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाची उंची तिच्यावरून मोजायची नसते.