ओथंबली

“...पण मुलाचा शब्द चुकला तर सुधारायचा नाही का, बुवा?”

प्रल्हाद मास्तर मठाच्या ओसरीवर अजून टेकलाही नव्हता, तेवढ्यात त्याने हा प्रश्न टाकला. अच्युतबुवा सुपात मुगाची डाळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बस आधी.”

प्रल्हाद बसला, पण चटका बसल्यासारखा. एरवी हा गडी असा नव्हता. तालुक्यात त्याच्या तिसरीच्या वर्गाचं नाव होतं. पोरं फळ्यावरचे नवे शब्द अर्थासकट धडाधड म्हणून दाखवत. पाहुणे आले की मुख्याध्यापक त्यांना आधी याच वर्गात आणत, आणि मास्तरची कॉलर ताठ होई.

आज त्याच कॉलरशी त्याची बोटं चाळा करत होती.

“गिरजा बोलत नाही,” तो म्हणाला.

“कोण गिरजा?”

“माझ्या वर्गातली. आठवडा झाला. हजेरीला नुसता हात वर करते. काल कवितेला उभी केली, तर ओठच हलेनात. बाकीची पोरंही नवा शब्द वापरायला धजत नाहीत. अर्थ विचारा, घडाघड सांगतात. वाक्य करा म्हटलं की खाली बघतात. मला झोप नाही, बुवा. पोर कायमची मिटली तर...”

“झालं काय?”

“फळ्यावर ‘ओथंबणे’ शब्द होता. वाक्यं करायला सांगितली. कुणी म्हणालं, ढग ओथंबले. कुणी म्हणालं, झाड आंब्यांनी ओथंबलं. छान चाललं होतं. मग ही उठली आणि म्हणाली, माझी आई ओथंबली.”

सांगता सांगता प्रल्हादला आत्ताही थोडं हसू फुटलं.

“मी म्हटलं, अगं, आई काय ढग आहे? वर्ग हसला. मीही हसलो. मनात वाईट काही नव्हतं.”

बुवांचा हात सुपात थांबला.

“वाक्य पुन्हा म्हण.”

“कोणतं? ढगाचं?”

“तिचं.”

“माझी आई ओथंबली,” प्रल्हाद भरभर म्हणाला.

“ती असं म्हणाली?”

प्रल्हाद गडबडला. नाही, तिने हळू म्हटलं होतं. फ्रॉकचं टोक मुठीत धरून. वर्ग हसला तरी ती उभीच होती, आणि तिला खाली बसवायचं त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

“पुन्हा.”

“माझी आई...”

त्या दिवशी ती वेणी न घालताच आली होती. रोज लाल रिबिनी बांधून येणारी पोर. हे त्याला आत्ता आठवलं.

“पुन्हा, प्रल्हादा.”

“माझी आई... ओथंबली.”

यावेळी त्याला हसू आलं नाही.

बुवांनी सूप बाजूला ठेवलं.

“उद्या ती वर्गात येईल,” प्रल्हाद शेवटी म्हणाला. “तिला आता कोणता शब्द शिकवू?”

बुवांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

“आई कशानं ओथंबली, ते विचारलं होतंस?”