वेणूची चूल आणि गुलबक्षीतली परी

एक होतं इवलंसं घर. त्या घरात राहायची वेणू, वेणूची आई आणि धूर. धुराला कुणी बोलावलं नव्हतं, पण तो आला आणि मुक्कामच ठोकून बसला.

त्याचं झालं असं. घरातली जुनी चूल फुटली, म्हणून आईने लिंबाजी गवंड्याकडून नवी चूल बांधून घेतली. धूर बाहेर जायला वर धुराडंही करवून घेतलं. चूल दिसायला मोठी देखणी होती. पण पेटवली की धूर धुराड्यात जायचाच नाही! घरभर फिरायचा, भांड्यांवर बसायचा, वेणूच्या झिपऱ्यांत शिरायचा. आईचे डोळे तर चुरचुरून जास्वंदीसारखे लाल झाले होते. आई लोकांना भाकऱ्या थापून द्यायची, त्यावरच दोघींचं पोट होतं. आईचे डोळेच गेले तर काय करायचं, या विचाराने वेणूला घास गोड लागेना.

आईने लिंबाजीला तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा तो अंगणातच उभा राहिला.

"भाऊ, जरा आत येऊन बघा की," आई म्हणायची.

"त्यात काय बघायचं? चूल झ्याक हाय. तुमची लाकडंच रडकी हायती!" असं म्हणून लिंबाजी पागोटं सावरत चालू लागायचा.

आईने लाकडं चार दिवस कडक उन्हात वाळवली. धूर तसाच. मग दोघांचं असं वाजलं, की आईने त्याच्याशी बोलणंच टाकलं. आणि गावात दुसरा गवंडी नव्हता.

एका दुपारी, उन्हं कलल्यावर, वेणू परसात एकटीच रडत बसली होती. तिथे मोरीच्या पाण्यावर गुलबक्षीचं झुडूप चांगलं माजलं होतं. त्याच्या कळ्या एकेक करून उमलू लागल्या. काही गुलाबी, काही पिवळ्या, काही गुलाबीवर पिवळे ठिपके असलेल्या. आणि सगळ्यांत चिमुकल्या फुलातून आवाज आला, "आक्‌छी!"

फुलात बोटभर उंचीची एक परी उभी होती. घेरदार गुलाबी झगा, त्यावर पिवळे ठिपके, पाठीवर चमचमणारे नाजूक पंख. नाक मात्र तिने चिमटीत धरलं होतं.

"अगं बाई, किती धुरकटलीस तू!" परी म्हणाली. वेणूने तिला सगळं सांगितलं.

"तुझी एक इच्छा मी पुरी करीन," परी म्हणाली. "पण नियम आहेत हं. कुणाचं वाईट मागायचं नाही."

वेणूने उघडलेलं तोंड पटकन मिटलं. लिंबाजीच्याच घरात धूर भरू दे, असं मागणार होती ती. खोटं कशाला बोला, आपणही तेच मागितलं असतं.

"आणि माणसाने घडवलेल्या वस्तूबद्दल मागायचं असेल, तर आधी त्या माणसाच्या दारात जाऊन यायचं. जा बाळ, मी थांबते."

वेणू धावत लिंबाजीच्या घरी गेली. तो अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत बसला होता. पण गंमत बघा! खडे तो सुपात ठेवत होता आणि तांदूळ बाहेर टाकत होता. कोंबड्यांची नुसती चंगळ चालली होती.

"काका, आवो तांदूळ टाकताय की तुमी!"

"कोन हाय?" लिंबाजी दचकला. वेणू तर त्याच्या पुढ्यातच उभी होती.

 तिने सूप ओढून घेतलं, खाली बसली आणि भराभर खडे निवडून दिले. लिंबाजीने सुपातले तांदूळ बोटांनी चाचपून बघितले.

"जवळचं दिसतच न्हाई गं पोरी मला," तो हळूच म्हणाला. "तुमची चूलबी चाचपूनच बांधली. आत येऊन काय बघनार व्हतो मी? लोकास्नी कळलं तर काम कोन देनार मला? सांगू नगंस हां कुनाला."

वेणूचा राग कुठल्या कुठे पळाला. पण आईचे लाल डोळे काही नजरेसमोरून हलेनात. इच्छा एकच होती. येताना ती धावली नाही, पाय ओढत आली.

"माग," परी म्हणाली.

वेणूने घराकडे बघितलं. आत आई खोकत होती. वेणूने डोळे घट्ट मिटले. "लिंबाजीकाकांना जवळचं लख्ख दिसू दे."

"आणि चूल गं?"

"ती काका करतील. दिसायला लागल्यावर." म्हणाली खरी, पण लगेच मनात आलं, काका आलेच नाहीत तर?

परीने टिचकी वाजवली. एक गुलाबी ठिणगी कुंपणावरून तुरुतुरु उडत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजी आला. या वेळी तो अंगणात थांबला नाही. थेट आत गेला, उकिडवा बसला आणि चुलीत डोकं घालून बघू लागला. मग त्याने पागोटं काढून हातात घेतलं.

"वहिनी, लाकडं रडकी न्हवती. धुराड्याच्या तोंडाशी मीच वीट आडवी बसवलिया. नजर माझी गेली व्हती, आन् बोल तुमास्नी लावला. चुकलं माझं."

त्याला सुनवायला आईने पुष्कळ काही साठवून ठेवलं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "आदी च्या घ्या भाऊ. मग वीट काढा."

लिंबाजीने चूल पुन्हा बांधली. दोन दिवस ती वाळली. तिसऱ्या दिवशी, गुलबक्षी उमलायच्या वेळी, आईने ती पेटवली. निळा निळा धूर शहाण्या बाळासारखा धुराड्यातून सरळ वर गेला! धुराच्या टोकावर परी बसली होती.

"ही माझ्याकडून भेट हं, वेणू!" परी म्हणाली. तिने एक गिरकी घेतली आणि गुलाबी उजेड होऊन ती विरून गेली. तो उजेड खिडकीतून आत आला, आईच्या डोळ्यांवर क्षणभर थांबला. डोळ्यांची सगळी लाली निघून गेली.

नव्या चुलीवरची पहिली भाकरी बांधणाऱ्याला द्यायची, अशी त्या गावची रीत होती. मागच्या वेळी ती राहूनच गेली होती. आईने टम्म फुगलेली भाकरी लिंबाजीच्या ताटात वाढली. त्याने पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांना घळाघळा धारा लागल्या.

"काका, आता तर धूर न्हाई. मग रडताय का वो?" वेणूने विचारलं.

लिंबाजीने पागोट्याच्या टोकाने डोळे पुसले. "मी कुटं रडतोय? तुमची लाकडंच रडकी हायती!"

आई इतकी हसली, इतकी हसली, की तव्यावरची दुसरी भाकरी करपून गेली.